वेतन, हुकूम आणि उत्तरदायित्व : धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासातून राष्ट्रीय सैन्याच्या शासनव्यवस्थेचा परिचय

प्रस्तावना :

सैन्य हा विषय आपल्या महाविद्यालयीन अध्यापनात प्रामुख्याने दोन रूपांत येतो. इतिहासाच्या तासाला तो लढाया, सेनापती व तह यांच्या रूपाने येतो, तर राज्यशास्त्राच्या तासाला राष्ट्रपतींच्या अधिकारांपैकी एक अधिकार म्हणून एका वाक्यात आटोपला जातो. सैन्य ही एक संस्था आहे, तिलाही अंदाजपत्रक, कायदा, अधिकारश्रेणी व तपासणी असते आणि या गोष्टींवरच तिचे स्वरूप ठरते, हा भाग मात्र दोन्ही विषयांच्या मधल्या जागेत राहून जातो.

कोणत्याही सैन्याचे स्वरूप समजून घेण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे ठरतात. पहिला प्रश्न, सैन्याचे वेतन कोण देतो? दुसरा, त्याला हुकूम कोण देतो? आणि तिसरा, हुकूम देणारा कोणाला उत्तर देण्यास बांधलेला असतो? ही तिन्ही सूत्रे ज्या व्यवस्थेत एका साखळीत असतात आणि त्या साखळीचे शेवटचे टोक जनतेच्या हाती असते, त्या व्यवस्थेतील सैन्यालाच खऱ्या अर्थाने राष्ट्रीय सैन्य म्हणता येते. ही सूत्रे तुटली म्हणजे काय घडते, हे पाहण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या, विशेषतः माकणी, लोहारा, उमरगा व नळदुर्ग या परिसराच्या सुमारे दोनशे वर्षांच्या इतिहासात या तिन्ही प्रश्नांची वेगवेगळी उत्तरे सापडतात. प्रस्तुत लेखात त्या उत्तरांचा क्रमाने विचार केला आहे.

पायगा : जमिनीवर पोसलेले सैन्य

निजामाच्या राज्यात लष्करी खर्चाची जुनी पद्धत जहागिरीची होती. सरदाराला जमिनीचा महसूल तोडून द्यायचा आणि त्याबदल्यात त्याने ठरावीक घोडदळ बाळगायचे, असा तो व्यवहार होता. ‘पायगा’ हा शब्द मूळचा घोड्यांच्या तबेल्याचा व त्यावरून घोडदळाचा वाचक आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजाम अली खान याच्या काळात, तेगजंग यांच्या घराण्याला निजामाच्या खास फौजेच्या खर्चासाठी मोठ्या जहागिरी मिळाल्या व त्यांनाच पायगा जहागिरी हे नाव पडले. माकणीच्या शेजारचे लोहारा आणि उमरग्याजवळचे गुंजोटी ही या जिल्ह्यातील दोन मोठ्या पायगा जहागिरींची ठिकाणे होत.

या व्यवस्थेत वेतन देणारा आणि हुकूम देणारा एकच, म्हणजे सरदार होता. शिपायाची निष्ठा प्रथम सरदाराकडे आणि सरदारामार्फत निजामाकडे जात असे. शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्यातून फौज उभी राही, परंतु ती फौज किती आहे, खरोखर आहे की केवळ कागदावर आहे, हे विचारण्याचा अधिकार शेतकऱ्याला नव्हता. पुढे लष्करी उपयोग संपल्यानंतरही जहागिरी तशाच चालू राहिल्या. ज्या सैन्यासाठी जमीन दिली ते सैन्य नाहीसे झाले, पण सारा मात्र उरला. या जहागिरींचा शेवट १९४९ मधील हैदराबाद जहागीर निर्मूलन कायद्याने झाला.

तैनाती फौज ते कंटिन्जंट :

१७९८ साली निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला. वेलस्लीच्या या पद्धतीचा स्वीकार करणारा तो पहिला मोठा संस्थानिक होय. सहा पलटणींच्या या फौजेसाठी वर्षाला सुमारे २४ लाख रुपये देण्याचे ठरले. रेमाँ या फ्रेंच सेनानीने उभारलेली निजामाची कवायती फौज त्याच वर्षी बरखास्त करण्यात आली. १८०० च्या तहाने तैनाती फौज वाढविली गेली आणि तिच्या खर्चापोटी म्हैसूरच्या युद्धांत निजामाला मिळालेला बळ्ळारी, कडप्पा इत्यादी प्रदेश इंग्रजांकडे गेला. येथे वेतन निजामाचे, तर हुकूम कंपनीचा असा पहिला विच्छेद झाला.

दुसरा विच्छेद अधिक गुंतागुंतीचा होता. हेन्री रसेल हा हैदराबादचा रेसिडेंट असताना (१८११-१८२०) निजामाच्याच नावाने, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक स्वतंत्र दल उभे राहिले. ‘रसेल ब्रिगेड’ म्हणून सुरू झालेल्या या दलाने डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूर येथे होळकरांविरुद्धच्या लढाईत भाग घेतला. याच दलाचा पुढे ‘हैदराबाद कंटिन्जंट’ म्हणून विस्तार झाला. त्याचा खर्च वर्षाला सुमारे ४० लाख रुपयांपर्यंत गेला. हा खर्च भागविण्यासाठी राज्याचा कारभार पाहणाऱ्या चंदूलाल यांना विल्यम पामर आणि कंपनी या पेढीकडून जबर व्याजाने कर्ज काढावे लागले. पेढी बुडाली तरी राज्याचे कर्ज कायम राहिले.

सर्वांत लक्षणीय गोष्ट अशी की, शांततेच्या काळात असे दल बाळगण्याचे बंधन निजामावर कोणत्याही तहाने घातलेले नव्हते. खुद्द गव्हर्नर जनरल डलहौसी यानेही आपल्या टिपणात हे मान्य केले होते. तरीही थकलेल्या वेतनाचे ओझे निजामाच्या नावावर साठत गेले. स्वतःच्या नियंत्रणात नसलेल्या, स्वतः न मागितलेल्या सैन्याचे एक राज्य ऋणको झाले.

नळदुर्ग जिल्हा : सैन्याच्या वेतनापोटी गहाण पडलेला मुलूख

या कर्जाची परिणती २१ मे १८५३ च्या तहात झाली. या तहानुसार किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ व चार तोफखाने असलेले कंटिन्जंट कायम ठेवायचे, त्यावर इंग्रज अधिकारी नेमायचे आणि त्याचे नियंत्रण रेसिडेंटमार्फत इंग्रज सरकारने करायचे असे ठरले. खर्चासाठी सुमारे ५० लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख इंग्रजांच्या व्यवस्थेत देण्यात आला. या मुलखात वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला जिल्हा, म्हणजे त्या वेळचा नळदुर्ग अथवा धाराशिवचा भाग, यांचा समावेश होता.

नळदुर्गचा कारभार पाहण्यासाठी मेडोज टेलर यांची नेमणूक झाली. ठगांवरील कादंबरीमुळे (१८३९) इंग्रजी साहित्यात प्रसिद्ध झालेले हेच ते टेलर. १८५७ मध्ये वऱ्हाडात बुलढाण्याला बदली होईपर्यंत ते येथे होते. त्यांच्या आत्मचरित्रात नळदुर्गच्या कारभाराचे सविस्तर वर्णन आढळते. स्थानिक इतिहासाचे अभ्यासक त्यांच्याकडे बहुधा एक उद्यमी प्रशासक म्हणून पाहतात व त्यात तथ्यही आहे. परंतु त्यांची नेमणूक ज्या कारणासाठी झाली, ते कारण नजरेआड होऊ देता कामा नये. येथील रयतेचा सारा वेळेवर वसूल होऊन कंटिन्जंटचे पगार भागावेत, हा त्या कारभाराचा मूळ हेतू होता.

१८५७-५८ मध्ये हेच कंटिन्जंट सर ह्यू रोज याच्या मध्य भारतातील मोहिमेत झाशी व काल्पीच्या बाजूला लढले. म्हणजे वऱ्हाड आणि नळदुर्ग येथील शेतकऱ्यांच्या साऱ्यावर पोसलेले दल झाशीच्या राणीविरुद्ध उभे ठाकले. ज्यांनी खर्च सोसला त्या शेतकऱ्यांना अथवा ज्याच्या नावाने ते दल होते त्या निजामाला या निर्णयात काहीही स्थान नव्हते.

१८६० च्या तहाने रायचूर दुआब आणि धाराशिवचा भाग निजामाला परत मिळाला व सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले. ही १८५७ मधील साहाय्याची बक्षिसी होती. याच तहात आणखी एक कलम आहे, ज्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. १८५३ च्या तहाने इंग्रजांनी नेमून दिलेल्या मुलखाचा जमाखर्च निजामाला सादर करायचा होता. १८६० मध्ये निजामाने मागील, चालू व पुढील कोणताही हिशेब मागण्याचा हक्क सोडून दिला. शिल्लक राहिली तर ती मिळावयाची होती, परंतु शिल्लक किती असावी हे तपासण्याचे साधन मात्र राहिले नाही. वेतन व हुकूम आधीच वेगळे झाले होते. आता तिसरे सूत्र, म्हणजे उत्तरदायित्वाचे, तेही लेखी स्वरूपात तुटले.

भारतीय सैन्यात विलीनीकरण :

बंगाल, मद्रास व मुंबई या तीन इलाख्यांची स्वतंत्र सैन्ये १ एप्रिल १८९५ रोजी एकत्र करण्यात आली. १९०२ मध्ये वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने देण्यात आले आणि १९०३ मध्ये लॉर्ड किचनरच्या पुनर्रचनेत कंटिन्जंट भारतीय सैन्यात मिसळून गेले. त्याच्या पायदळातून पुढे १९वी हैदराबाद रेजिमेंट (१९२२) तयार झाली. मात्र तिच्यात भरती उत्तरेकडील कुमाऊनी, जाट, अहीर अशा समाजांतून होत असे. १९४५ मध्ये तिचे नाव कुमाऊँ रेजिमेंट असे झाले. घोडदळाची परंपरा आजच्या ‘डेक्कन हॉर्स’मध्ये टिकून आहे. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काश्मीरमध्ये बडगाम येथे धारातीर्थी पडलेले आणि पहिल्या परमवीरचक्राचे मानकरी ठरलेले मेजर सोमनाथ शर्मा ज्या ४ कुमाऊँ पलटणीचे होते, तिचा वंश या कंटिन्जंटपर्यंत पोहोचतो. जनरल श्रीनागेश आणि जनरल थिमय्या हे दोन लष्करप्रमुखही याच पलटणीत वाढले. तुकडी तीच राहिली, तिची परंपराही तीच राहिली. तिच्यामागची राज्यव्यवस्था बदलली आणि त्याबरोबर तिच्या शौर्याचा अर्थही बदलला.

किचनरच्याच काळात हुकुमाच्या प्रश्नावर एक मोठा वाद झाला. व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये सरसेनापतीबरोबरच लष्करी खात्याचा आणखी एक सभासद असे व सरसेनापतीचे प्रस्ताव त्याच्या तपासणीतून जात. किचनरला ही तपासणी नको होती, तर कर्झनला ती आवश्यक वाटत होती. लंडनने किचनरची बाजू उचलून धरली व १९०५ मध्ये कर्झनने राजीनामा दिला. त्यानंतर सरसेनापती, म्हणजे लोकभाषेतील ‘जंगी लाट’, हाच सैन्याचा प्रमुख आणि सरकारातील लष्करी विषयाचा एकमेव प्रवक्ता झाला. १९४६ च्या हंगामी सरकारात सरदार बलदेवसिंग यांच्याकडे संरक्षण खाते आले, तेव्हा ही स्थिती पालटली.

१९४८ : दोन सैन्ये आणि एक सशस्त्र संघटना

१५ ऑगस्ट १९४७ नंतर हैदराबाद संस्थानाने विलीनीकरणास नकार दिला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. संस्थानाकडे मेजर जनरल एल एद्रुस यांच्या अधिपत्याखाली नियमित सैन्य होते. परंतु त्याच्या जोडीला, लातूरला वकिली केलेल्या कासिम रझवी यांच्या नेतृत्वाखाली रझाकारांची सशस्त्र संघटना उभी राहिली होती. रझाकार राज्याच्या खजिन्याला, कायद्याला किंवा सेनापतीला बांधलेले नव्हते आणि तरीही त्यांना राज्याचा आश्रय होता. त्या वेळी लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. मराठवाड्यातील गावांनी सोसलेल्या अत्याचारांचा इतिहास सर्वपरिचित आहे. शासनव्यवस्थेच्या दृष्टीने त्यातून निघणारा निष्कर्ष असा की, शस्त्रबळावरील एकाधिकार राज्याने सोडला की नियमित सैन्यही निष्प्रभ होते व प्रजेला दाद मागण्यास जागा उरत नाही.

भारत सरकारच्या बाजूने निर्णयाची प्रक्रिया वेगळी होती. सरसेनापती जनरल रॉय बुचर यांना कारवाईच्या वेळेविषयी शंका होत्या. त्या त्यांनी मांडल्या. निर्णय मात्र मंत्रिमंडळाने घेतला व सैन्याने तो अमलात आणला. दक्षिण कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजी यांच्या देखरेखीखाली १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांचे मुख्य दल सोलापूरहून निघाले. पहिल्याच दिवशी नळदुर्ग ताब्यात आले. बोरी नदीवरील पूल उडविला जाण्यापूर्वीच हाती लागल्याने पुढील वाट मोकळी झाली आणि जळकोट, उमरगा, हुमनाबाद या मार्गाने दल पुढे गेले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली व १८ सप्टेंबरला एल एद्रुस यांनी औपचारिक शरणागती पत्करली. ज्या नळदुर्गाचा महसूल ९५ वर्षांपूर्वी एका परक्या सैन्याच्या पगारासाठी तोडून दिला गेला होता, तेथूनच निर्वाचित प्रतिनिधींच्या सरकारला जबाबदार असलेले सैन्य मराठवाड्यात आले. हा केवळ भौगोलिक योगायोग असला तरी तो स्थानिक अध्यापकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

लष्करी राजवट आणि एक अप्रकाशित अहवाल :

मेजर जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. जानेवारी १९५० मध्ये एम. के. वेल्लोडी यांच्या नेतृत्वाखाली मुलकी सरकार आले व १९५२ च्या निवडणुकीनंतर लोकनियुक्त सरकार स्थापन झाले. लष्करी सत्ता मर्यादित मुदतीची राहिली, ही या काळाची मोठी जमेची बाजू होय. संस्थानी सैन्याच्या बहुतेक तुकड्या याच काळात टप्प्याटप्प्याने बरखास्त झाल्या.

तथापि उत्तरदायित्वाचा प्रश्न प्रामाणिकपणे मांडावयाचा तर या काळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पोलीस कारवाईच्या वेळी व नंतर मुस्लिम वस्तीवर झालेल्या हिंसाचाराची पाहणी करण्यासाठी पंतप्रधान नेहरू यांनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठविले. संपूर्ण संस्थानात २७,००० ते ४०,००० लोक मारले गेले असावेत, असा या मंडळाचा अंदाज होता. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड यांचा समावेश केला. काही ठिकाणी सशस्त्र दलांतील व पोलिसांतील व्यक्तींचा लुटालुटीत हात असल्याचे नोंदविताना, मेजर जनरल चौधरी यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल त्यांनी चांगले मतही व्यक्त केले. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला.

रझाकारांच्या अत्याचारांचा उल्लेख टाळणे जसे अप्रामाणिक, तसेच या अहवालाविषयी मौन बाळगणेही अप्रामाणिकच ठरेल. पाहणी करविली गेली, हे लोकशाही सरकारचे लक्षण होते. ती जनतेसमोर आली नाही, ही त्या लोकशाहीची उणीव होती. हुकुमाची साखळी लोकनियुक्त सरकारपर्यंत पोहोचली म्हणजे उत्तरदायित्व आपोआप पूर्ण होत नाही. त्यासाठी नोंद, प्रसिद्धी व चौकशी यांचीही आवश्यकता असते.

संविधानाने घातलेली चौकट :

२६ जानेवारी १९५० पासून वरील तिन्ही प्रश्नांची उत्तरे लेखी स्वरूपात निश्चित झाली.

वेतनाविषयी : भारताच्या संचित निधीतून कायद्याने मंजूर झालेल्या विनियोजनाखेरीज पैसा काढता येत नाही (अनुच्छेद ११४). संरक्षण खात्याच्या मागण्या लोकसभेपुढे येतात, खर्चाची तपासणी नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात आणि त्यांचे अहवाल लोकलेखा समितीपुढे जातात. १८६० मध्ये सोडून दिलेला हिशेब मागण्याचा हक्क येथे नागरिकांच्या प्रतिनिधींना मिळाला आहे.

हुकुमाविषयी : संरक्षण दलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे असून त्याचा वापर कायद्याने विनियमित होतो (अनुच्छेद ५३). राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात व मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते. संरक्षण हा विषय केंद्रसूचीत असल्याने कोणत्याही घटक राज्याला स्वतःचे सैन्य बाळगता येत नाही. १९५५ मध्ये ‘सरसेनापती’ हे पद रद्द होऊन त्याऐवजी लष्करप्रमुख हे पद आले. ते प्रथम धारण करणारे राजेंद्रसिंहजीच होते. कारगिल युद्धानंतरच्या पुनर्विलोकनातून पुढे आलेली संरक्षण दलप्रमुख या पदाची शिफारस १ जानेवारी २०२० रोजी जनरल बिपिन रावत यांच्या नेमणुकीने प्रत्यक्षात आली.

उत्तरदायित्वाविषयी : सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर किती मर्यादा घालायच्या हे संसद ठरविते (अनुच्छेद ३३). शिस्तीचे नियमन लष्कर अधिनियम, १९५० नुसार होते. सैनिकांना सेवाविषयक बाबींत व लष्करी न्यायालयाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागता यावी म्हणून २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले. सामान्य नागरिकाला मात्र लष्करी बाबींतील माहिती व दाद मिळविणे आजही सोपे नाही. सुरक्षिततेसाठी आवश्यक गोपनीयता आणि गैरसोय टाळण्यासाठी पाळलेली गोपनीयता यांतील सीमारेषा कोठे आखायची, हा प्रश्न लोकशाहीत वारंवार विचारला गेला पाहिजे.

मुलकी प्रशासनास साहाय्य :

या चौकटीचा आपल्या परिसराला आलेला प्रत्यक्ष अनुभव म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. पहाटे चारच्या सुमारास झालेल्या या भूकंपात किल्लारीबरोबरच आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूरसारखी गावे जमीनदोस्त झाली. ढिगारे उपसणे, मृतदेह काढणे, जखमींवर उपचार करणे या कामांसाठी सैन्य आले, मुलकी प्रशासनाच्या जोडीने त्याने काम केले आणि काम संपल्यावर ते परत गेले. ‘मुलकी प्रशासनास साहाय्य’ या संज्ञेचा अर्थ हाच आहे. सैन्य बोलाविल्यावर येते, मुलकी अधिकाऱ्याची जागा घेत नाही आणि गरज संपताच माघारी जाते. जमाव पांगविण्यासाठी सैन्याची मदत घेण्याची तरतूद पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे व त्यातही कमीत कमी बळाचा वापर करण्याचे बंधन आहे.

समारोप :

लोहाऱ्याच्या पायगेत सैन्य सरदाराचे होते. १८५३ मध्ये ते रयतेच्या पैशावर चालणारे, परंतु परक्यांच्या हुकुमातील झाले. १८६० मध्ये त्याचा हिशेब विचारण्याचा हक्कही गेला. १९४८ मध्ये प्रथमच या मुलखाचा संबंध लोकांना जबाबदार असलेल्या सरकारच्या सैन्याशी आला आणि १९५० मध्ये त्या जबाबदारीला कायद्याचे रूप मिळाले. या प्रवासात शिपायाचे शौर्य सर्वत्र सारखेच दिसते. फरक आढळतो तो त्या शौर्याचा उपयोग कोणासाठी व्हावा हे ठरविणाऱ्या व्यवस्थेत.

ही व्यवस्था विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी आपल्या जिल्ह्यात पुरेशी सामग्री आहे. इतिहास, राज्यशास्त्र व लोकप्रशासन या विभागांना नळदुर्गचा किल्ला, लोहारा व गुंजोटी येथील पायगा जहागिरींची महसुली दप्तरे आणि १९९३ च्या मदतकार्याच्या आठवणी सांगणारी पिढी यांच्या आधारे संयुक्त प्रकल्प घेता येतील. भूकंपाच्या वेळी प्रौढ असलेली माणसे आता पन्नाशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. १९४८ पाहिलेली माणसे तर बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. दोन्ही समाजांच्या अशा व्यक्तींच्या मौखिक नोंदी घेण्याचे काम महाविद्यालयांनी त्वरेने हाती घेतले, तर अप्रकाशित अहवालांनी ठेवलेली पोकळी काही अंशी भरून निघेल. आपल्या वर्गांतील अनेक मुले-मुली सैन्यभरतीच्या तयारीत असतात. ज्या संस्थेत ती आयुष्य घालविणार आहेत, ती कोणाच्या पैशावर, कोणाच्या हुकुमाने व कोणाला जबाबदार राहून चालते, हे त्यांना शिकविणे आपले कर्तव्य ठरते.